क्रिएटिनीन नॉर्मल, पण कुणासाठी?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. वंदना आटोपली होती आणि आम्ही विहाराच्या ओट्यावर वर्गणीच्या पावत्यांचा मेळ घालत बसलो होतो. तेवढ्यात गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातून लेकीकडे आलेल्या एक मावशी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जवळ येऊन बसल्या. वीस-बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई. हाताला घट्टे, अंगावर मांस असे नाहीच.

"भाऊ, तुमी हापिसात असता, इंग्रजी वाचता. एवढं वाचून सांगा. डाक्टर म्हनले, समदं नार्मल हाय. मंग सांजच्याला पायावर सूज कामून येती?"

पिशवीत दोन कागद होते. एक यंदाचा, एक दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरातला. यंदाच्या कागदावर सिरम क्रिएटिनीन १.२. त्याच्यासमोर लॅबने छापलेली मर्यादा ०.६ ते १.२. मर्यादेच्या बाहेरचा आकडा लॅबवाले ठळक अक्षरात छापतात किंवा पुढे खूण करतात. इथे खूण नव्हती. जुन्या कागदावर तोच आकडा ०.८ होता. तिथेही खूण नव्हती. म्हणजे दोन्ही वेळा नॉर्मल.

आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारे आहोत, हे वाचकांना ठाऊक आहे. पण कारकुनी करता करता एक गोष्ट शिकलो. तेरीज जुळली म्हणजे खतावणी बरोबर असतेच असे नाही. चूक आत राहूनही दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या येतात. म्हणून आम्हाला त्या १.२ ची शंका आली. आम्ही मावशींना थांबवून घेतले आणि दोन्ही कागदांचे फोटो आमच्या परिचयाच्या एका फिजिशियन डॉक्टरांना पाठवले. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वय किती? बाई का पुरुष?" पुढे जे कळले ते आमच्या बहुतेक घरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून या वेळी सदरात तेच लिहितो.

पहिल्यांदा क्रिएटिनीन म्हणजे काय ते पाहू. आपले स्नायू दिवसभर काम करतात, त्यातून हा टाकाऊ पदार्थ रोज तयार होतो. तो रक्तात उतरतो आणि किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. आपल्या दोन किडन्या, मुठीएवढ्या, कमरेच्या वर पाठीकडच्या बाजूला असतात. त्या चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर सोडतात. गाळणी मंदावली की क्रिएटिनीन रक्तात साचते. डेसीलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, तर १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साचले आहे, तेवढे हा आकडा सांगतो. ते मोजण्याची एक रासायनिक रीत माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ साली दाखवली. तिच्या सुधारलेल्या रूपाने आजही पुष्कळ लॅबमध्ये ही तपासणी होते, आणि म्हणूनच ती स्वस्त आहे.

आता खाचखळगा कुठे आहे ते ध्यानात घ्यावे. जमा होते स्नायूंतून, खर्च होतो किडनीतून, आणि कागदावर दिसते ती नुसती शिल्लक. ज्याच्या अंगात स्नायू भरपूर, त्याची जमाच मोठी, म्हणून शिल्लकही थोडी जास्त राहणार. ज्या बाईच्या अंगावर मांसच उरलेले नाही, तिची जमा लहान. तिच्या रक्तात १.२ साचले असेल तर खर्चाची बाजू बरीच अडली आहे, असा त्याचा अर्थ. लॅबच्या छापील मर्यादेत हा फरक नसतो. फार तर बाई आणि पुरुष यांच्यासाठी दोन ओळी असतात, आणि कित्येक कागदांवर तेवढ्याही नसतात.

हा फरक धरून किडनीचे काम काढण्यासाठी सूत्र आहे. त्यातून येणाऱ्या आकड्याला ई.जी.एफ.आर. म्हणतात. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते, त्याचा हा अंदाज. ९० च्या वर चांगला. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर किडनीचा जुनाट आजार धरतात. १५ च्या खाली किडनी निकामी होण्याची पायरी येते. कितीतरी लॅब हा आकडा कागदाच्या तळाशी छापतात आणि आपण तो वाचत नाही. जिथे छापलेला नसतो तिथे डॉक्टर मोबाईलवर अर्ध्या मिनिटात काढू शकतात.

डॉक्टरांनी आम्हाला हिशेब करून दाखवला. पंचवीस वर्षांचा धडधाकट पोरगा, क्रिएटिनीन १.२, तर ई.जी.एफ.आर. सुमारे ८६. काळजीचे काही नाही. आमच्या मावशी, आधार कार्डावर वय ६०, क्रिएटिनीन तेच १.२, तर ई.जी.एफ.आर. सुमारे ५२. आकडा एक, छापील मर्यादा एक, माणसे दोन. आणि दोन वर्षांपूर्वीच्या ०.८ वर मावशींचा ई.जी.एफ.आर. निघाला सुमारे ८५. म्हणजे ८५ वरून ५२ वर घसरण झाली आणि दोन्ही कागद नॉर्मलच राहिले! आम्ही हिशेब दोनदा करून पाहिला. (आधारवरचे वय खरे आहे का, असे विचारल्यावर मावशी हसल्या. दुष्काळाच्या साली जन्मल्या एवढेच त्यांना ठाऊक. सूत्रात वय घालायचे असते, म्हणून हेही सांगितले पाहिजे.)

याच्या मागचे गणित सोपे आहे. किडनीचे काम निम्म्यावर आले की क्रिएटिनीन साधारण दुप्पट होते. एखाद्या बारीक बाईचे मूळ ०.६ असेल तर निम्मी किडनी गेल्यावर ते १.२ होईल. वाढ फक्त ०.६ ची आणि मर्यादेच्या आतली. पुढे पुन्हा निम्मे काम गेले की २.४, त्यापुढे ४.८. म्हणजे सुरुवातीची मोठी नुकसानी कागदावर लहान दिसते आणि शेवटची लहान नुकसानी मोठी दिसते. लोक दवाखान्यात धावतात ते ४.८ वर. वाचवण्यासारखे होते ते १.२ च्या वेळी. म्हणून डॉक्टरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. छापील मर्यादेपेक्षा स्वतःचा मागचा आकडा जास्त बोलतो. तो बोलावा यासाठी मागचा कागद घरात सापडला पाहिजे. आमच्याकडे जातीचा दाखला जपून ठेवतात, रक्ताचा रिपोर्ट मात्र वर्षभरात चुलीत जातो किंवा पोरांच्या वहीला पुठ्ठा म्हणून लागतो.

या सूत्राचीही एक कथा आहे, ती आमच्या वाचकांनी ऐकावी अशी आहे. अमेरिकेत १९९९ आणि २००९ साली जी सूत्रे आली, त्यांत काळ्या माणसांसाठी वेगळा गुणक होता. त्यांच्या अंगात स्नायू जास्त असतात, असे गृहीत धरून त्यांचा आकडा वाढवून घेत. परिणाम असा की, त्याच रक्ताच्या त्याच क्रिएटिनीनवर काळ्या माणसाची किडनी गोऱ्यापेक्षा चांगली दिसे. तज्ज्ञाकडे पाठवणी उशिरा, किडनी बदलण्याच्या यादीत नाव उशिरा. खुद्द काळ्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी यावर आवाज उठवला. २०२१ साली तो गुणक काढून नवे सूत्र आले. २०२३ पासून तिथल्या यादीत ज्यांचा वेळ असा बुडाला होता, त्यांना तो परत जोडून देण्याचे काम सुरू झाले. माणूस कोणत्या घरात जन्मला त्यावरून त्याचे रक्त वेगळे मोजणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना आम्ही निराळे समजावून सांगायला नको. आम्ही वर जे हिशेब दिले आहेत ते २०२१ च्या सूत्राचे आहेत. मात्र तेही बिनचूक नाही. फार कृश माणसाची किडनी ते आहे त्यापेक्षा बरी दाखवते. मावशींचे ५२ प्रत्यक्षात आणखी कमी असू शकतील.

युरियाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फसगत फार होते. आमचे एक स्नेही पेढे घेऊन आले होते. युरिया ४२ होता तो पथ्याने २० वर आला म्हणे! कागद पाहिला तर पहिल्या लॅबने ब्लड युरिया दिला होता आणि दुसऱ्या लॅबने बी.यू.एन., म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बी.यू.एन.ला २.१४ ने गुणले की युरिया येतो. वीस गुणिले २.१४ म्हणजे जवळपास ४३. गाडी होती तिथेच उभी. पेढे आम्ही खाल्ले, पण हिशेबही सांगितला. तेव्हा दोन कागद ताडून पाहताना नाव एकच आहे का, ते आधी पाहावे. शिवाय युरिया पाणी कमी प्याल्याने वाढतो, मांसाहार जास्त झाल्याने वाढतो, पोटात रक्तस्राव झाला तरी वाढतो. एकट्या युरियावरून किडनीचा निकाल लावता येत नाही. त्याच कागदावर पोटॅशियम असते, ते साधारण ३.५ ते ५ असावे. किडनीच्या रोग्याचे पोटॅशियम ६ च्या वर गेले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेव्हा तो कागद घेऊन उद्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आकडा एकदाच वाढला म्हणून घाबरूनही जाऊ नये. उन्हात दिवसभर राबून, पाणी न पिता रक्त दिले, ताप-जुलाब चालू असताना दिले, आदल्या रात्री भरपूर मटण झाले, किंवा व्यायामशाळेतला पोरगा क्रिएटिनची पावडर घेत असेल, तर क्रिएटिनीन थोडे चढलेले येते. अशा वेळी काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात. या घाबरण्यावर पोट भरणारे लोक आठवडी बाजारात बसलेले असतात. किडनी साफ करणारा काढा, भस्म, जडीबुटी. काही भस्मांत पारा आणि शिसे असते आणि ते किडनीवरच घाव घालते. वाढलेले क्रिएटिनीन खाली आणणारे असे कोणतेही चूर्ण नाही. त्याचे कारण सापडावे लागते.

मावशींचे कारण काय, ते शोधायला डॉक्टरांनी दोन गोष्टी करायला सांगितल्या. बी.पी. मोजणे आणि लघवी तपासणे. बी.पी. १६० आणि १००, आजवर कुणी मोजलेलेच नाही. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, सापडले. निरोगी किडनी प्रथिन बाहेर जाऊ देत नाही. ते जाऊ लागले की लघवीला फेस येतो, पायावर सूज दिसते, आणि पुष्कळदा हे क्रिएटिनीन वाढण्याच्या आधीच सुरू झालेले असते. म्हणून साखर किंवा बी.पी. असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनीन आणि लघवीतले अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या कराव्यात. एक करून दुसरी सोडू नये. किडनी बिघडण्याची सर्वांत मोठी कारणे ही दोनच आहेत, साखर आणि रक्तदाब. आणि दोन्ही दुखत नाहीत.

दुखते ते अंग, आणि तिथून तिसरे कारण येते. "गोळी कोणती घेता?" असे विचारल्यावर मावशींनी कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढले. डायक्लोफिनॅक. "फडावर असलं की दिवसाआड एक घ्यावीच लागती, भाऊ. न्हाई तर मोळी उचलत न्हाई." वीस वर्षांचा हिशेब वाचकांनीच करावा. पाणी कमी पडले की किडनीकडचे रक्त आटू लागते. तेव्हा तिकडची रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर एक पदार्थ तयार करते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांच्यासारख्या गोळ्या नेमका तोच पदार्थ अडवतात. सावलीत बसलेल्या निरोगी माणसाने कधीमधी घेतली तर निभावते. उन्हात, घामात, पाण्यावाचून, वर बी.पी. असताना घेतली तर किडनीला दुहेरी मार बसतो. आणि फडावर बाया पाणी मुद्दाम कमी पितात, कारण आडोसा नसतो. हे आम्ही सांगायला नको, आमच्या बहिणींना ते ठाऊक आहे.

ऊसतोडीचा आणि किडनीचा संबंध आम्ही मनाने जोडत नाही. २००२ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशातल्या डॉक्टरांनी लिहिले की, त्यांच्याकडे किडनी निकामी होऊन येणारे कितीतरी रोगी शेतमजूर आहेत आणि त्यांना ना साखर ना बी.पी. शेजारच्या निकाराग्वातही ऊसतोड्यांत तेच आढळले. उष्मा, अंगमोडे काम आणि पाण्याची तूट यांचा त्यात मोठा वाटा असावा, असे संशोधक मानतात. तिथे मजुरांना पाणी, विश्रांती आणि सावली देण्याचा उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यात अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट आहे आणि तिथल्या गावांतून किडनीच्या दुखण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. तो पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला म्हणून आमच्या पूर्णा गावच्या एका वाचकाने धास्ती घेतली होती. ती पूर्णा तापीला मिळते. येलदरीवरून येणारी आपली पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते.

किडनी गेली म्हणजे माणूस गेला, असेही समजू नये. लोकनायक जयप्रकाश नारायण आणीबाणीत बंदीवासात होते. १२ नोव्हेंबर १९७५ ला त्यांची सुटका झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणल्यावर किडन्या निकामी झाल्याचे स्पष्ट झाले. पुढे ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते डायलिसिसवर जगले, आणि त्याच अवस्थेत १९७७ ची निवडणूक त्यांनी पाहिली, घडवली. तेव्हा डायलिसिस थोरामोठ्यांनाच मिळे. आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरिबांना ते जिल्हा रुग्णालयातून मोफत देण्याची तरतूद आहे. रेशन कार्ड आणि आधारवरची नावे जुळती करून ठेवावीत, ऐन वेळी तिथेच अडते. पण फुकट म्हटले तरी आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास, सोबत एक माणूस, दोघांचे एस.टी. भाडे आणि दोघांचा बुडालेला रोज, एवढे घरावर पडतेच. ज्या घरी हे चालू आहे त्यांना विचारावे.

मावशींना बी.पी.ची गोळी सुरू झाली. डायक्लोफिनॅक बंद झाले. अंग दुखले तर काय घ्यायचे आणि किती, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले. पंधरा दिवसांनी क्रिएटिनीन पुन्हा केले. १.१ आले, म्हणजे ई.जी.एफ.आर. सुमारे ५७. पूर्वीचे ८५ परत येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. आहे ते टिकवायचे, एवढेच म्हणतात.

मावशींचा खरा प्रश्न मात्र वेगळाच होता. "लेकानं मुकादमाकडून उचल घेतली. यंदा सून बाळंतीन हाय. कोयता पुरा कसा व्हायचा? मी जाऊ का नको?" यावर आम्हाला उत्तर देता आले नाही. लेकाला बोलावून घेतले, सगळे कागद त्याच्यासमोर मांडले. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी ठरले ते असे की, मावशी फडावर जातील त्या खोपीवर, नातवंडे सांभाळायला. कोयत्याला हात लावणार नाहीत. मुकादम ऐकतो का ते पाहायचे आहे. गरज पडली तर आम्ही दोघेतिघे त्याच्याशी बोलायला जाणार आहोत.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. ज्यांच्या घरची माणसे जाणार आहेत, त्यातही चाळिशीच्या पुढची आणि साखर-बी.पी.ची, त्यांनी निघण्याआधी बी.पी., क्रिएटिनीन आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासणी नाव घेऊन मागावी. कागद हाती आल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. ई.जी.एफ.आर. किती आला? मागच्यापेक्षा फरक किती? लघवीत अल्ब्युमिन आहे का? आणि घरातले जुने रिपोर्ट, मग ते कितीही मळलेले असोत, टाकू नयेत. तारखेने लावून एका पिशवीत ठेवावेत आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावेत. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही ओट्यावर असतोच. इंग्रजी वाचून दाखवण्याचे आणि मागचा-पुढचा आकडा वहीत उतरवून देण्याचे काम आम्ही करू. औषध मात्र डॉक्टरांनाच विचारावे.